चहा शांतपणे घेतला की धीर येतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ३१ वर्षांच्या, इंदिरानगरला राहता, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहात. घरात नवरा, सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी. तीन आठवडे झाले, एक व्हिडिओ बघून तुम्ही रोज सकाळी दहा मिनिटं 'माइंडफुल चहा' घेताय, म्हणजे कप दोन्ही हातांत धरायचा, वास घ्यायचा, एकेक घोट लक्ष देऊन प्यायचा. तेवढा वेळ बरं वाटतं. पण त्या व्हिडिओत म्हटलं होतं की याने हळूहळू आतून धैर्य येतं, आणि ते काही आलेलं नाही. मॅनेजर दुसऱ्याचं काम तुमच्या टेबलावर टाकतो तेव्हा अजूनही घसा बंद होतो. दोन वर्षांपूर्वी पावसात मुंबई नाक्याजवळ स्कूटी घसरली, तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये झाकून उभी आहे. घरात स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की शब्द फुटत नाहीत. सासूबाई हसून म्हणाल्या, चहा पिऊन कोणी शूर झालंय का. आणि शेवटी विचारलंय की साधा चहा चालत नसेल तर माचाचा, म्हणजे जपानी ग्रीन टीच्या पुडीचा, सेट मागवू का.

मी नाशिकमध्ये २२ वर्षं समुपदेशन करते, आधी नाशिकरोडला, आता गंगापूर रोडला. चहाचा हा प्रकार मी माझ्याकडे येणाऱ्या माणसांबरोबर खूप वर्षं वापरतेय, तेव्हा याला मी थोतांड म्हणणार नाही. पण तुम्हाला जे सांगितलं गेलं ते अर्धंच आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यातच धैर्याचा भाग आहे.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही ती सहज लिहून गेलात. सासूबाई हसल्यापासून तुम्ही साडेपाचलाच उठता आणि किचनचा दिवा न लावता गॅलरीत बसून चहा घेता, कोणाला कळू नये म्हणून. आता बघा, धीर यावा म्हणून जी गोष्ट करायची तीच तुम्ही लपून करताय. म्हणजे रोज सकाळी दहा मिनिटं मनाला शांत राहण्याचा सराव मिळतोय आणि त्याच दहा मिनिटांत लपून राहण्याचाही मिळतोय. तीन आठवड्यांत दोन्ही सवयी लागल्या असणार. यात तुमची चूक काढत नाहीये मी, हसणाऱ्या माणसासमोर कोणीही हेच करेल. पण धैर्य का येत नाही याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

खरा प्रश्न असा आहे की शांतपणा आणि धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजतो. आपल्याला वाटतं आधी भीती जाईल, मन शांत होईल, मग मी बोलेन, मग मी गाडी काढेन. माझ्याकडे आलेल्या माणसांत मी हे असं घडताना फार क्वचित पाहिलंय. भीती कमी होते ती गोष्ट करून झाल्यावर, तीसुद्धा थोडी, आणि पाच-सहा वेळा केल्यावर बरीच. न करता नुसती वाट बघितली की भीती वाढत जाते, कारण प्रत्येक वेळी टाळल्यावर जो सुटल्यासारखा आराम मिळतो त्यातून मेंदू शिकतो की बरं झालं टाळलं, नक्कीच धोका होता. तुमच्या स्कूटीचं नेमकं हेच झालंय. दोन वर्षांत ती एकदाही घसरलेली नाही आणि तरी भीती पहिल्यापेक्षा जास्त आहे.

मग चहाचा उपयोग काय? चहा तुम्हाला सात-आठ मिनिटं अशी देतो ज्यात भीती सोबत असते आणि तुम्ही पळत नाही. बस, एवढंच. पण हे 'एवढंच' फार कामाचं आहे, कारण मॅनेजर टेबलाजवळ येऊन उभा राहतो तेव्हा तुम्हाला नेमकं हेच हवं असतं, भीती आत आहे आणि तरी मी इथेच आहे, पाय जमिनीवर आहेत.

मला हे कळलं ते २००९ साली. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. नाशिककरांना हे ठिकाण माहीत असतं, गोएंका गुरुजींचं विपश्यना केंद्र, १९७६ पासून तिथे शिबिरं चालतात. पहाटे चारची घंटा, मौन, आणि नव्या साधकांना संध्याकाळी पाच वाजता चहा, सोबत फळ, कुरमुरे असं काहीतरी हलकं, त्यानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत जेवण नाही. तिथे मोबाइल नाही, बोलणं नाही, वाचायला काही नाही, त्यामुळे तो पाचचा चहा आपोआप लक्ष देऊन प्यायला जातो. तिसऱ्या दिवशी तो स्टीलचा पेला हातात धरून बसले होते तेव्हा लक्षात आलं की आत केवढी धडधड चाललीये, काही कारण नाही, नुसती धडधड, आणि मी वर्षानुवर्षं चहा पिताना ती पेपरने, टीव्हीने, गप्पांनी झाकत आलेय. त्या दिवशी झाकायला काही नव्हतं. पेला संपला, धडधड होतीच, मी उठून परत हॉलमध्ये गेले. ते उठून परत जाणं माझ्या लक्षात राहिलं.

पुढे काही वर्षांनी मला त्याची खरी गरज पडली. माझी एक तपासणी झाली होती, रिपोर्टचा लिफाफा घरी आला आणि मी तो चार दिवस फ्रीजवर ठेवून दिला, उघडलाच नाही, आणि दिवसभर लोकांना धीर देत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक कप चहा टाकला, लिफाफा समोर टेबलावर ठेवला आणि स्वतःला सांगितलं की कप संपला की उघडायचा, मन शांत झालेलं असो वा नसो. मन शांत झालं नाही. हात कापत होते, चहाची चव लागली नाही. कप संपला आणि मी तो उघडला. रिपोर्ट चांगला निघाला, पण मी तेव्हापासून लोकांना चहा सांगते तो त्या लिफाफ्यासकट सांगते. समोर लिफाफा नसेल तर ती नुसती विश्रांती झाली. विश्रांतीही चांगलीच, फक्त तिला धैर्याचा सराव म्हणता येत नाही.

आता कसं करायचं ते सांगते, आणि प्रत्येक ठिकाणी का ते पण, म्हणजे तुमच्या घराप्रमाणे तुम्हाला बदल करता येईल.

आधण ठेवता तेव्हा एका वाक्यात स्वतःशी, शक्यतो हळू आवाजात पण तोंडाने, आजची भीती सांगायची. 'मला टेन्शन आहे' असं मोघम नको, 'आज सर रिकन्सिलिएशन माझ्यावर टाकतील आणि मी हो म्हणेन याची मला भीती वाटते' असं नेमकं. भीतीला शब्द दिले की तिचा जोर थोडा उतरतो, यावर मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाचा २००७ सालचा मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास आहे, भावनेला नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीशी संबंधित भागाची, प्रतिक्रिया कमी होते असं त्यात दिसलं होतं. आपल्या आज्या चुलीशी बसून पुटपुटायच्या ना, मला नेहमी वाटतं त्यांना हे अभ्यासाशिवाय कळलं होतं.

मग आलं ठेचा, गवती चहा कुंडीतला असेल तर दोन पाती कातरून टाका, साखर, पावडर. इथे मोबाइल हातात घ्यायचा नाही. उकळी येईपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं फार चुळबुळीची असतात, माझ्याकडची बहुतेक माणसं सांगतात की याच वेळात नकळत हात फोनकडे जातो. त्या वेळी फक्त उभं राहून पातेल्याकडे बघायचं. दूध घातल्यावर चहा भसकन वर येतो, तेव्हा आपण गॅस बंद करत नाही, बारीक करतो, आणि तो खाली बसतो. छातीत भीती वर येते तेव्हा पण काही क्षण थांबलं, तिला आणखी विचारांचा जाळ घातला नाही, की ती बसते. दोन-चारदा दोन्हीकडे लक्ष ठेवून बघा, तुमचं तुम्हाला दिसेल.

मग गाळायचा, आणि बसायचं. बसायचं म्हणजे खुर्चीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. ओट्याला टेकून उभ्याने नाही. यावर मी नंतर परत येते, कारण तुमच्या बाबतीत हा सगळ्यात अवघड भाग आहे.

लगेच प्यायचा नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेने ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत ठरतात असं जाहीर केलं होतं, त्यामुळे कढत पिण्याची सवय तशीही बरी नाही. थांबायचं आणि फुंकर घालायची. आणि ही फुंकर हीच माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. चहावर फुंकर घालताना आपण ओठ गोल करून सावकाश, लांब श्वास बाहेर सोडतो, जोरात फुंकलं तर चहा सांडेल. आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ दिला की व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग खाली आणते, शरीराला निरोप जातो की पळायची गरज नाही. श्वासाचे व्यायाम शिकवायला गेलं की लोक अवघडतात, मोजत बसतात, गुदमरतात. चहावर फुंकर घालायला सांगितलं की कोणालाच शिकवावं लागत नाही. आठ-दहा फुंकरा, सावकाश.

मग घोट घ्यायचे. कपाची ऊब, आल्याचा झटका, गोडी. मन दहा ठिकाणी जाईल, जाऊ दे, पुढच्या घोटाला परत आणायचं. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, त्यातला सुरुवातीचा प्रसिद्ध व्यायाम म्हणजे एक मनुका हातात घेऊन बघणं, हुंगणं आणि सावकाश खाणं. द्राक्षांच्या गावात राहून आपण मूठभर बेदाणे न बघता तोंडात टाकतो, तर एका मनुक्याला दहा मिनिटं देणारी माणसं बघून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. तत्त्व तेच आहे, मनुका असो की चहा.

आणि शेवटचा घोट. याच्या आधी ठरलेलं असायला हवं की कप खाली ठेवल्यावर मी अमुक एक छोटी गोष्ट करणार. 'जमलं तर' वगैरे नाही, कप ठेवला की उठायचं आणि करायचं. 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधी बांधून ठेवणाऱ्या माणसाने नुसतं 'मी प्रयत्न करेन' म्हणणाऱ्यापेक्षा ते काम करण्याची शक्यता जास्त असते, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर १९९०च्या दशकापासून काम केलंय. तुमच्या तीन आठवड्यांत नेमका हा तुकडा नव्हता. कप संपल्यावर तुम्ही काय करत होतात? कप विसळून, कोणाला कळू नये म्हणून जागेवर ठेवून, डब्याच्या तयारीला लागत होतात.

म्हणजे आतापर्यंतचं इतकंच, की भीतीचं नाव घ्यायचं, उकळीपाशी थांबायचं, बसायचं, फुंकर घालायची, प्यायचा, आणि कप ठेवला की आधीच ठरवलेली एक गोष्ट करायची. पहिल्या पाच गोष्टी या सहावीसाठी आहेत.

ती गोष्ट किती मोठी असावी? इथे लोक चुकतात, एकदम मॅनेजरला जाऊन सुनवायचं ठरवतात आणि मग चहाच नकोसा होतो. दहापैकी तीन-चार इतकीच भीती वाटेल अशी गोष्ट निवडायची. एक उदाहरण सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार, पन्नाशीचे. अवकाळीने बाग गेली होती, कर्जाचे हप्ते थकले होते आणि ते बँकेत जायलाच घाबरत होते, फोन उचलत नव्हते, शेवटी घराबाहेर पडणंच कमी झालं होतं. त्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात सांगितलं की बँकेसमोरच्या टपरीवर बसून एक कटिंग प्यायचा, कप ठेवायचा आणि परत यायचं. बँकेत जायचं नाही. ते म्हणाले, मॅडम हे काय काम आहे का? पण पहिल्या दिवशी त्यांना कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या आठवड्यात कप ठेवून बँकेच्या दारापर्यंत. तिसऱ्यात आत जाऊन पासबुक भरून आणायचं, कोणाशी बोलायचं नाही. पाचव्या आठवड्यात ते मॅनेजरसमोर बसले, हप्त्यांची फेररचना कशी होते ते विचारलं. कर्ज काही चहाने फिटलं नाही, पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या आधी त्यांच्या हातात एक कागद होता आणि ते रात्री झोपत होते. मला त्यांच्याबद्दल आजही फार आदर वाटतो.

आता तुमचं. तीन भीत्यांना मी आकडे लावले तर, तुमच्या लिहिण्यावरून अंदाजाने, मॅनेजर सात, स्कूटी पाच, आणि घरातली एक गोष्ट तीन. ती घरातली गोष्ट म्हणजे दिवा लावून, सगळ्यांच्या वेळेला, खुर्चीवर बसून स्वतःचा चहा गरम असताना पिणं. तुम्ही लिहिलंय की सकाळचा सगळ्यांचा चहा तुम्हीच टाकता, आणि तुमचा स्वतःचा ओट्यावर गार होतो, मग उभ्याउभ्या दोन घोटांत. मी कितीतरी घरांत हे पाहिलंय, माझ्या आईचंही आयुष्यभर तेच होतं, आणि यात कोणी दुष्ट असतं असं नाही, बाईचा चहा शेवटी असतो असं सगळ्यांनी धरलेलंच असतं, तिने स्वतःही. म्हणून तुमच्यासाठी पहिली पायरी व्हिडिओतल्यासारखी एकांतातली नको. सगळ्यांचे कप भरा, स्वतःचाही भरा, आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसा. फुंकर घाला. कोणी पाणी मागितलं तर 'चहा झाला की देते हं, दोन मिनिटं आई' असं म्हणायचं, नेहमीच्या आवाजात. हे एक वाक्य आहे, पण मॅनेजरला म्हणायचं वाक्यही याच जातीचं आहे, 'हातातलं संपवते सर, मग बघते'. घसा एकच आहे. तो घरी उघडायला शिकला की ऑफिसात त्याला सोपं जातं, हे मी खूप बायकांच्या बाबतीत पाहिलं.

सासूबाई हसल्या त्याबद्दल. त्यांच्या प्रश्नाला, म्हणजे चहा पिऊन कोणी शूर झालंय का याला, आपल्याकडे खरंखुरं उत्तर आहे. आज चहा इतका साधा झालाय की विसरायला होतं, पण १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर बहिष्काराची वेळ आली होती, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं होतं. आणि कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने चहाचं हॉटेल काढलं, ते अस्पृश्य समाजातले म्हणून गिऱ्हाईक तिथे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून सगळ्यांदेखत चहा प्यायला लागले. महाराजांची गोष्ट सगळे सांगतात, सांगायलाच हवी. मी मात्र जास्त विचार करते तो गंगाराम यांचा, कोणी येणार नाही हे माहीत असताना सकाळी शेगडी पेटवायची, आधण ठेवायचं, कप मांडायचे. रोजचं धैर्य म्हणजे काय असं कोणी विचारलं तर माझ्या डोळ्यासमोर ती शेगडी येते. सासूबाईंना हे वाद घालायला म्हणून सांगू नका. एखाद्या सकाळी शेजारी बसलेल्या असाल तेव्हा गोष्ट म्हणून सांगा, त्यांनाही आवडेल. आणि त्यांना एकदा विचारा की त्या सून होत्या तेव्हा त्यांचा चहा कधी व्हायचा.

माचा सेटबद्दल. गरज नाही. माचामध्ये पानाची पूड आपण अख्खी पितो, त्यामुळे कॅफीन साध्या ग्रीन टीपेक्षा जास्तच जातं. जपानच्या चहाविधीबद्दल मला मनापासून आदर आहे, सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी तो साधेपणाकडे नेला, तेही लढायांच्या काळात. त्यांच्या पद्धतीच्या चहाघराचा दरवाजा इतका छोटा असतो की वाकून, जवळजवळ रांगत आत जावं लागतं, आणि सामुराईला तलवार बाहेर ठेवावी लागायची. यातलं घ्यायचंच असेल तर ते घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. सेटचे पैसे वाचवून ठेवा, स्कूटीला लागतील.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते.

तुम्ही दिवसाला पाच कप म्हणालात, त्यातला एक कडक मीटिंगच्या आधी, 'धीर यावा' म्हणून. तो आजपासून बंद करा. घरच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, प्यायल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याचा जोर असतो आणि अर्धं कॅफीन शरीराबाहेर जायला पाचेक तास लागतात. म्हणजे नेमकी मीटिंग सुरू होताना छातीत धडधड वाढते आणि तुम्हाला वाटतं की मी घाबरले. अर्धी धडधड चहाची असते. चहात एल-थिआनिन नावाचं शांत करणारं द्रव्य असतं हे खरं, पण अभ्यासांत ते बऱ्याचदा २०० मिलिग्रॅम वगैरे देतात, एका कपात त्याच्या मानाने फारच कमी असतं, त्या भरवशावर राहू नका. मीटिंगच्या आधी कोमट पाणी घ्या, कपात घ्या, फुंकर घाला, चालेल. पॅनिक अटॅक येत असतील, ॲसिडिटी असेल, दिवस गेले असतील तर सकाळचा विधीही नुसत्या गवती चहाच्या किंवा आल्याच्या काढ्यावर करा, डॉक्टरांना विचारून. हिमोग्लोबिन कमी असेल, आपल्याकडे बायकांचं बऱ्याचदा असतं, तर जेवणानंतर लगेच चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा, चहातल्या टॅनिनमुळे भाजी-डाळीतलं लोह नीट शोषलं जात नाही.

दुसरं, आणि हे मी प्रत्येकाला विचारते म्हणून तुम्हालाही विचारते. घरात बोलायला भीती वाटते ती लाजेची आहे की मार खाण्याची? तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचं तसं असेल तर हे सगळं उत्तर त्यांच्यासाठी नाही. हात उगारणाऱ्या माणसासमोर बसून हळूहळू धीर वाढवायचा नसतो, तिथे भीती बरोबर सांगत असते. तिथे आधी सुरक्षितता, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तसंच दोन-तीन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतं असं असेल तर चहावर थांबू नका, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तिसरं, चहाची कुबडी होऊ देऊ नका. काही माणसांचं असं झालेलं मी पाहिलंय की चहा झाल्याशिवाय फोनच करता येत नाही, आणि मग एक दिवस दूध नासलं की सगळंच अडलं. साधारण सहा आठवड्यांनी एकेक दिवस मुद्दाम चहाशिवाय करून बघायचं. पाय टेकवले, एक लांब फुंकर सोडली, वाक्य म्हटलं. मॅनेजर येईल तेव्हा तुमच्या हातात कप नसणार आहे, श्वास मात्र असणारच. आणि दुसरा कप नाही. 'अजून एक घेते मग करते' हे टाळणंच असतं, फक्त ते दिसायला साधं दिसतं.

काही दिवस जमणार नाही. मुलीला ताप येईल, गॅस संपेल, बसायला गेलात आणि सासऱ्यांनी हाक मारली आणि तुम्ही सवयीने उठलात, असं होईल. दुसऱ्या दिवशी परत बसायचं. मी माझ्या वहीत दिवस मोजत नाही, कप ठेवल्यावर काय केलं ते एका ओळीत लिहिते, तुम्ही पण तसंच करा, महिन्याने ते वाचताना तुम्हाला स्वतःबद्दल जे कळेल ते माझ्या सांगण्यापेक्षा खरं असेल.

तर पहिले दोन आठवडे घरचा चहा, बसून, दिवा लावून. तिसऱ्या आठवड्यात स्कूटी. रविवारी सकाळी, रस्त्यावर गर्दी नसते तेव्हा. पहिल्या रविवारी कप ठेवून फक्त खाली जायचं, कव्हर काढायचं, सीटवर बसायचं, सुरू करायची नाही. पुढच्या रविवारी कॉलनीच्या टोकापर्यंत आणि परत. मुंबई नाका आत्ता डोक्यातच आणू नका, तो फार पुढचा आहे, आणि तिथे पहिल्यांदा जाल तेव्हा पाऊस नसलेला दिवस निवडा. मॅनेजरचं वाक्य तोवर रोज फुंकर घालून झाल्यावर एकदा मोठ्याने म्हणत राहा, ऑफिसात म्हणायचं त्या दिवशी ते तोंडाला नवीन वाटायला नको.

गाडीची किल्ली आजच शोधून चहाच्या डब्याशेजारी ठेवा. दोन वर्षं उभी आहे म्हणजे बॅटरी उतरली असणार, टायरही बसले असतील, तेव्हा त्या रविवारच्या आधी मेकॅनिकला घरी बोलावून ब्रेक, टायर, बॅटरी बघून घ्या. त्याला फोन तुम्हीच करा, नवऱ्याला सांगू नका करायला. कप ठेवल्यावर करायचा पहिला फोन म्हणून तो चांगला आहे.